मँचेस्टर बघायचं तर कापसाचं बोट धरून

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की पहिल्या आठवड्यात लंडन होतं, दुसऱ्यात लेक डिस्ट्रिक्ट. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतो, आता घराजवळ काय दाखवायचं? मँचेस्टरच्या बहुतेक मराठी घरांत याचं उत्तर ट्रॅफर्ड सेंटर नाहीतर फुटबॉलचं मैदान. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. मग एकदा हौसेनं एकाच दिवसात चार म्युझियमं बघायचा बेत आखला. संध्याकाळी बाबांचे गुडघे बोलत होते, आई काहीच बोलत नव्हती, आणि रात्री जेवताना दोघांना मिळून डायनासोरचा सांगाडा आणि एका कॅफेतला महागडा चहा एवढंच आठवत होतं.

तेव्हापासून मी एक युक्ती करते. या शहरातलं सगळं बघायचं नाही, कापसाचं बोट धरायचं आणि तो नेईल तिथे जायचं. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ते उगाच नाही. पण खरं मँचेस्टर आपल्या खानदेश-वऱ्हाडाच्या कापसात किती गुंतलेलं आहे, हे इथे येऊन बघितल्याशिवाय नीट कळत नाही. खालचा क्रम नव्यानं आलेल्यांसाठी आहे. विद्यार्थी असा, नोकरीवर आलेले असा, किंवा पाहुण्यांना फिरवण्याची जबाबदारी अंगावर पडलेले.

घरातून निघण्याआधी

पैशांचं आधी सांगते, कारण पहिली शंका तीच असते. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, पीपल्स हिस्टरी म्युझियम, मँचेस्टर म्युझियम, मँचेस्टर आर्ट गॅलरी, जॉन रायलंड्स लायब्ररी या सगळ्या ठिकाणी प्रवेश फुकट आहे. दारात देणगीची पेटी किंवा कार्ड टेकवायचं यंत्र असतं, आणि कधीकधी कुणी हसून विचारतंही. द्यायचे तर द्या, नसतील द्यायचे तर "आज नको, थँक यू" म्हणून पुढे व्हा. कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. फुकट असलं तरी काही ठिकाणी वेळेचं तिकीट आधी घ्यायला सांगतात आणि आतल्या खास प्रदर्शनांना वेगळे पैसे पडतात.

दुसरं म्हणजे वार आणि वेळ. आपल्याकडे म्युझियमला सोमवारी सुट्टी हे पाठ असतं, इथे तसा एकच नियम नाही. कुठे सोमवार-मंगळवार बंद, छोटी घरगुती म्युझियमं तर आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडी. जायच्या आदल्या रात्री त्या जागेच्या स्वतःच्या वेबसाइटवर वेळ बघा, गूगलच्या नकाशावर विसंबू नका. बंद व्हायची वेळ पाच असली तरी शेवटचा प्रवेश त्याआधीच थांबतो. एका ठिकाणी मी साडेचारला पाहुण्यांसकट पोचले आणि दारातूनच परत आले, पावसात. नाताळात २४ ते २६ डिसेंबर कुठेही जायचा बेत करू नका. दुरुस्तीसाठी एखादं दालन महिनोन्महिने बंद असणं इथे नेहमीचंच आहे. टाउन हॉलचंच घ्या. अल्फ्रेड वॉटरहाउसनं बांधलेली ती देखणी इमारत २०१८ मध्ये दुरुस्तीला काढली आणि आम्ही वर्षानुवर्षं तिचे पडदे आणि परांचीच बघत राहिलो.

प्रवासाला पिवळी ट्रॅम उत्तम. फलाटावरच्या यंत्राला कार्ड चढताना टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि पाहुणे हमखास विसरतात. बसमध्ये मात्र फक्त चढताना. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर चौघं जात नाहीत.

पहिला दिवस: लिव्हरपूल रोड, आणि फक्त लिव्हरपूल रोड

डीन्सगेट-कॅसलफील्ड स्टॉपला उतरा. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम पाच-सात मिनिटांवर आहे. ही जागा म्हणजेच एक वस्तू आहे हे आत शिरण्याआधी सांगा, नाहीतर पाहुणे तिला गोदाम समजतात. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झाली, तिचं मँचेस्टरचं टोक हे. जगातलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं प्रवासी रेल्वे स्टेशन. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या तेवीस वर्षं आधीचं. समोरचं गोदामही त्याच वर्षीचं. अमेरिकेतून लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या कापसाच्या गाठी याच रुळांवरून इकडे यायच्या.

आत गेल्यावर आधी टेक्सटाइल्स गॅलरी. यंत्रं चालवून दाखवण्याची वेळ ठरलेली असते, ती स्वागतकक्षात विचारून घ्या आणि बाकी सगळं तिच्या मागेपुढे बसवा. नुसती उभी यंत्रं बघण्यात मजा नाही. चालवून दाखवतात तेव्हा पिंजणं, पेळू ओढणं, पीळ देणं, बॉबिनवर गुंडाळणं, मग ताणा-बाणा, सगळं क्रमानं डोळ्यांसमोर होतं. माग सुरू झाला की धोट्याचा खडाखड आवाज असा उठतो की लहान मुलं कानावर हात ठेवतात. एकाच मागाचा हा आवाज, गिरणीत असे शेकडो असायचे.

आई पहिल्यांदा आली तेव्हाचं सांगते. दाखवणाऱ्या बाईंनी कच्च्या कापसाचा पुंजका सगळ्यांच्या हातात फिरवला आणि यातलं बी शोधा म्हणाल्या. इंग्रज आजोबा-आजी चिमटीत धरून बघत होते. आईनं न बघता बोटानं सरकी काढली, कापूस तळहातावर जरा विंचरला, दुसऱ्या हातानं दोनदा फिरवला आणि फुलवात तयार. त्या बाई थबकल्या. त्यांनी विचारलं, हे काय? आईला इंग्रजी येत नाही, मला 'निरांजन' समजावता येईना. शेवटी मी म्हटलं, हा दिवा आहे, फक्त तेल घालायचं बाकी आहे. त्यांनी ती वात जपून आपल्या एप्रनच्या खिशात ठेवली.

यंत्रांवर कारखान्याचं नाव लोखंडात ओतलेलं असतं, ते वाचत चला. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम असं दिसलं की थांबा. ओल्डहॅम इथून ट्रॅमनं जाण्याइतकं जवळ. याच कंपनीची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत गेली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली कापड गिरणी काढली, ती लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरभोवतीच्या या परगण्याच्या, यंत्रांच्या जोरावरच. जमशेटजी टाटाही लँकेशायरच्या गिरण्या बघून गेले, आणि नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. मँचेस्टरचा टाउन हॉलही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उघडला. इकडे कापसाच्या पैशावर राजवाडा उभा राहत होता, आणि तिकडे त्यांचाच धंदा काढून घेणारी गिरणी.

याच इमारतीत संगणकात रस असणाऱ्या पोरांसाठी 'बेबी'ची प्रतिकृती आहे. आज्ञा स्वतःच्या स्मृतीत साठवून चालणारा जगातला पहिला संगणक, २१ जून १९४८ ला इथल्या विद्यापीठात चालला. भिंतभर कपाटं आणि तारा. आयटीतले जावई इथे रमतात, त्यांना अर्धा तास सोडून द्या.

बाहेर पडल्यावर जीव असेल तर शेजारी कॅसलफील्ड आहे. इसवी सन ७९ च्या सुमारास रोमन सैन्यानं बांधलेल्या मामुकिअम किल्ल्याचे पाये आणि पुन्हा उभारलेलं एक प्रवेशद्वार. दगड फार नाहीत, दहा मिनिटं पुरे. खरी बघण्यासारखी गोष्ट कालव्याचं कुंड. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणीतून कोळसा घेऊन आला आणि शहरातल्या कोळशाचा भाव निम्म्यावर आला. वाफेची यंत्रं चालायला कोळसा, आणि कोळसा यायला कालवा. कालव्याकाठच्या फरसबंदीवर बाबागाडी आणि चाकाची खुर्ची खडखडते, म्हाताऱ्या माणसाला हात द्या. तिथेच रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलावर नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेनं, बाग केली आहे, बाकांसकट. डबा खायला इतकी चांगली जागा मध्यवस्तीत दुसरी नाही.

दुसरा दिवस: व्हिक्टोरियापासून पायी

हा दिवस चालण्याचा. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण थांबत थांबत तीन-चार तास लागतात.

व्हिक्टोरिया स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच चेटम्स लायब्ररी. १४२१ मध्ये धर्मगुरूंसाठी बांधलेली इमारत. कापडाचे व्यापारी हम्फ्री चेटम यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १६५३ मध्ये इथे सार्वजनिक ग्रंथालय झालं. इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं हे सगळ्यात जुनं मोफत सार्वजनिक ग्रंथालय. शिवाजी महाराज तेव्हा जावळीकडे बघत होते असं सांगितलं की आपल्या माणसांना काळ पटकन कळतो. आवारात संगीत शाळा असल्यामुळे फाटकावर पहारा असतो आणि आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. तिकीट लागतं, आधीच काढा. खिडकीशी एक टेबल आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स तिथे बसून वाचायचे. एंगल्सच्या वडिलांची इथे सुताच्या गिरणीत भागीदारी होती, म्हणजे इथेही कापूस आहेच. आमच्या बाबांनी आयुष्यभर युनियनचं काम केलं. ते त्या टेबलाशी काही न बोलता बराच वेळ उभे राहिले, आणि मार्गदर्शकानंही त्यांना घाई केली नाही.

तिथून दोन मिनिटांवर कॅथीड्रल. बाहेर गांधीजींचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, २०१९ मध्ये बसवलेला. शिल्पकार राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मी जळगाव जिल्ह्यातली, त्यामुळे इथे माझा ऊर जरा जास्तच भरून येतो हे मान्य करते. पण गंमत त्यापुढे आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला आले होते. त्यांच्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं त्याच गिरणी कामगारांना भेटायला. दगड पडतील अशी भीती होती, आणि फोटोत दिसतात त्या त्यांच्याभोवती हसत ओरडणाऱ्या कामगार बायका.

मग डीन्सगेटनं सरळ जॉन रायलंड्स लायब्ररी. बाहेरून चर्चच वाटतं. एन्रिकेटा रायलंड्स यांनी नवऱ्याच्या आठवणीत बांधलं, १ जानेवारी १९०० ला वाचकांसाठी उघडलं. नवरा कोण? अर्थात कापड गिरणीवाला. वरच्या वाचनालयात दोन टोकांना दोघांचे संगमरवरी पुतळे समोरासमोर उभे आहेत. इथे कुजबुजतच बोला, आणि फ्लॅश बंद. बाहेर पाऊस असेल त्या दिवशी ही जागा जास्त चांगली दिसते, का ते मला सांगता येत नाही.

रायलंड्सच्या मागच्या बाजूला, नदीकाठी पीपल्स हिस्टरी म्युझियम आहे. मतदानाचा हक्क, संप, युनियनचे भलेमोठे रंगीत झेंडे. गिरणगावाच्या आठवणी असलेला कुणी बरोबर असेल तर हे चुकवू नका. नसेल तर पुढच्या खेपेला ठेवा.

डीन्सगेटच्या दुसऱ्या बाजूला लिंकन स्क्वेअर. अब्राहम लिंकनचा पुतळा इथे कशाला, हे सगळे विचारतात, आणि याचं उत्तर थेट आपल्या शेतात जातं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं बंद पडली, आणि लँकेशायरला कापूस येईना. गिरण्या थंड, चुली थंड. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला इथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. १९ जानेवारी १८६३ ला लिंकननं त्यांना उलट पत्र लिहिलं. चौथऱ्यावर त्यातला मजकूर आहे. त्याच चार वर्षांत मुंबईत काय झालं? खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा गोष्टी तेव्हाच्या सांगतात. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी शेअरबाजार आभाळात नेला, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. इथल्या कामगारांना मात्र आपला कापूस मुळीच आवडत नव्हता. ते त्याला सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो कुठलाही असो. धागा आखूड, सारखा तुटायचा, आणि मजुरी मालावर असल्यामुळे तुटलेल्या धाग्याचा भुर्दंड कामगाराला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतातल्या मालाला इथे शिव्या पडत होत्या, हे ऐकून बाबा म्हणाले, "बरोबरच आहे, बोंडात पानाचा कचरा किती यायचा."

शेवटचा थांबा पीटरलू. १६ ऑगस्ट १८१९ ला सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागायला साठ हजारांच्या आसपास माणसं जमली होती, आणि त्यांच्यावर घोडदळ घातलं. अठरा जण गेले. २०१९ मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून गोल पायऱ्यांचं स्मारक झालं, बाजूला आलेल्या गावांची नावं कोरली आहेत. सगळ्यांच्या समान हक्काचं स्मारक, आणि त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही. यावरून इथे बरीच टीका झाली. रास्तच होती.

पाय उरले असतील तर समोरच्या गोल सेंट्रल लायब्ररीत बसा. तळमजल्यावर शहराच्या इतिहासाचा विभाग आहे, जुनी छायाचित्रं आणि नकाशे बघता येतात. वरच्या घुमटाखालच्या खोलीत वही पडली तरी आवाज घुमतो.

तिसरा दिवस: ऑक्सफर्ड रोड

मँचेस्टर म्युझियम मुलांसाठी. तिरॅनोसॉरस, ममी, जिवंत बेडूक. पण २०२३ मध्ये उघडलेली साउथ एशिया गॅलरी मोठ्यांनी बघावी. ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्यानं झालेली ही गॅलरी इथल्याच तीस दक्षिण आशियाई माणसांनी मिळून ठरवली. रंगवलेली सायकलरिक्षा आणि सिंग ट्विन्स भगिनींचं लांबलचक चित्र पटकन डोळ्यात भरतं. माझं मत विचाराल तर मराठी माणसाला इथे थोडं चुकल्यासारखं वाटतं, पंजाब आणि बंगाल जास्त बोलतात. अभिप्राय लिहायची सोय असते, तसं लिहा. मी लिहिलंय. लिहिलेलं वाचतात.

इथून चालत पँकहर्स्ट सेंटर, नेल्सन स्ट्रीटवर. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी संघटना १० ऑक्टोबर १९०३ ला या घराच्या बैठकीत सुरू झाली. लहानसं घर आहे, मोजकेच दिवस उघडं. वेळ जुळली तरच.

मोटार असेल तर: क्वारी बँक

विमानतळाजवळ स्टायल गावात सॅम्युएल ग्रेगची १७८४ ची सूतगिरणी, पाणचक्कीसकट. नॅशनल ट्रस्टची आहे, तिकीट बरंच पडतं, पण वर्षात तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर सभासदत्व परवडतं आणि पार्किंगही त्यातच येतं. अनाथ आणि गरीब मुलांना कामावर आणून जिथे ठेवत ते अप्रेंटिस हाउस आधी बघा, मग गिरणी. ग्रेग कुटुंबाची गोष्ट आज सांगतात त्यात त्यांच्या कॅरिबियन मळ्यांतल्या गुलामांचाही उल्लेख येतो, तो वाचा. मागांच्या गोंगाटात कामगार बायका ओठांच्या हालचालीवरून बोलत, त्याला इथले लोक 'मी-मॉ' म्हणतात. एका स्वयंसेवक आजींनी आवाज न करता आम्हाला काहीतरी विचारलं. आईला बरोबर कळलं. चहा घेणार का, असं विचारत होत्या.

आत गेल्यावर

पिवळ्या-निळ्या टी-शर्टातले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले म्हातारे लोक कोपऱ्यात उभे दिसतात. ते पहारेकरी नाहीत, बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि कुणी विचारलं नाही तर दिवसभर कंटाळतात. "तुम्ही स्वतः इथे काम केलंय का?" एवढा एकच प्रश्न विचारा. पुढचा अर्धा तास तुम्हाला फक्त मान हलवायची आहे.

मोठ्या सॅक लॉकरमध्ये ठेवायला लावतात, सुट्टं नाणं जवळ ठेवा. डब्यातली पोळी-भाजी कॅफेत उघडू नका. शाळांच्या सहलींसाठी वेगळी बाकं असतात, ती विचारून घ्या. सकाळी दहाला गेलात तर शाळांची गर्दी भेटेल, दुपारी दोननंतर शांतता.

नोकरी शोधत असाल, विशेषतः डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांनी, स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचा विचार करा. इंग्रजी कान सुधारतो, आणि पुढे रेफरन्स द्यायला कुणीतरी मिळतं. विद्यार्थ्यांनी मात्र आधी आपल्या व्हिसाच्या अटी तपासाव्यात, कारण बिनपगारी काम आणि स्वयंसेवा यांत कायदा फरक करतो.

आणि सप्टेंबर मोकळा ठेवा. त्या महिन्यात दहा दिवस हेरिटेज ओपन डेज असतात. एरवी बंद किंवा तिकिटाच्या इमारती फुकट उघडतात. यादी उन्हाळ्यात येते. चांगल्या जागांच्या फेऱ्या बघता बघता भरतात, तेव्हा गणपतीच्या तयारीच्या गडबडीत ते राहून जाऊ देऊ नका. आमच्याकडे दरवर्षी राहतं.